एक मार्क कमी

बावीस वर्षं शिकवल्यावर पेपर हातात घेताच कॉपी ओळखता येते. मला तरी तसं वाटायचं.

रुग्णसेविकांच्या माझ्या वर्गात त्या वर्षी परमुलखातून आलेल्या दोन जावा होत्या. थोरलीचा दर प्रश्नाला हात वर. धाकटी चकार शब्द काढायची नाही. काही विचारलं की आधी थोरलीकडे बघायची. पहिल्या चाचणीत थोरलीला अडतीस, धाकटीला सदतीस. दुसऱ्या चाचणीत चौतीस, तेहतीस. तिसऱ्यांदाही एकाचाच फरक. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शेजारी बसून उतरवते आणि पकडलं जाऊ नये म्हणून एक मुद्दाम चुकवते, दुसरं काय?

दोघींचे पेपर ताडून पाहिले, तर चुका निराळ्याच. थोरलीचं चुकलं तिथे धाकटीचं बरोबर. म्हटलं, ही तर भलतीच पोचलेली आहे.

शेवटच्या परीक्षेला थोरली वर्गात आणि धाकटी माझ्या खोलीत, माझ्या नाकासमोर. तिला वर्गातून काढायचं पत्र मी आधीच लिहून ठेवलं होतं. ते गेलं असतं तर दवाखान्यातलं काम तिला मिळणारच नव्हतं. ती दीड तास नुसती बसून राहिली. पेपर कोरा.

"जाऊबाई शेजारी नाहीत, तर अक्षरही उमटत नाही का गं?" मी म्हटलं.

ती फरशीकडे बघत होती. "बाई, त्यांना किती पडले?"

"तुला काय करायचंय?"

"तेवढं सांगा. मग लिहिते."

थोरलीने लवकर संपवून माझ्या खोलीत आणून दिलेला पेपर मी नुकताच तपासला होता. "पन्नासपैकी एकेचाळीस," म्हटलं आणि डोळ्यांत तेल घालून बसले.

नाडी, ताप, जखम बांधणं, औषधांच्या वेळा, ती भराभर लिहीत सुटली. चाळीस उत्तरं झाली, चाळीसही बरोबर. मग तिने पेन ठेवलं.

"उरलेली दहा?"

"येतात की."

मी तोंडी विचारली. दहाच्या दहा आली.

"मग लिही ना."

"त्या मोठ्या आहेत, बाई."

म्हणजे शेजारी बसून ती उतरवत नव्हती, थोरलीची बरोबर उत्तरं मोजत होती. आमच्याकडे पुढे जाणाऱ्याची पाठ थोपटतात. त्यांच्या घरात धाकटीने थोरलीच्या पुढे जायचं नसतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पत्र फाडलं आणि पेपरवर चाळीस लिहिले. बावीस वर्षांत एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.