उद्याची यादी

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मावशींची तीस वर्षं गेली. पहिली वीस तळघरातल्या कागदी फायलींत, पुढची दहा संगणकासमोर. आता सगळे स्कॅन वेगवान डिस्कवर असायचे. डिस्क महाग आणि कायम तुडुंब. म्हणून तीन महिने ज्या स्कॅनला कुणी हात लावला नाही, तो आपोआप टेपवर जायचा. टेप स्वस्त, पण गोगलगाय. स्कॅन परत आणायला अर्धा तास घ्यायची.

त्यामुळे छातीच्या डॉक्टरीणबाई रोज फोनवरून तोफ डागायच्या, "मावशी, पेशंट समोर बसलाय आणि जुना स्कॅन अजून वाटेतच!"

एका सकाळी मावशींनी सरळ संगणक विभागातल्या इंजिनिअरचं टेबल गाठलं.

"साहेब, तुमचं यंत्र जुनं तेवढं खाली पाठवतं. उद्या लागणारं वर का आणून ठेवत नाही?"

"उद्या कोण येणार, हे यंत्राला कसं कळणार, मावशी?"

"मला कसं कळायचं? अपॉइंटमेंटची यादी असते की! फायली होत्या तेव्हा मी संध्याकाळी यादी घ्यायची, शिडीवर चढायची आणि गठ्ठे काढून ठेवायची."

इंजिनिअरने कपाळावर हात मारला. "आणि आम्ही तीन मीटिंगा नव्या डिस्क मागत बसलोय!"

आठवडाभरात त्याने तशी सोय केली. दुपारी चारला यंत्र दुसऱ्या दिवशीची यादी वाचायचं आणि त्या पेशंटांचे जुने स्कॅन डिस्कवर आणायचं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरा वाजता डॉक्टरीणबाईंचा फोन खणखणला. "मावशी, जरा वर या." मावशी लगबगीने जिना चढल्या.

वर एक निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको बसले होते. पडद्यावर दोन स्कॅन शेजारी शेजारी.

"यांच्या फुप्फुसात डाग दिसला म्हणून दोघं हादरले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सहा वर्षांपूर्वीचा स्कॅन तयारच होता, चटकन उघडला. डाग तेव्हाही होता, तसूभरही वाढलेला नाही. काळजीचं कारण नाही. म्हटलं, हे तुम्हीच ऐकावं."

"काल दिवसभर यांनी निरवानिरव केली हो!" बायको डोळे पुसत हसली. "कपाटाची चोरकिल्ली कुठे असते, तेसुद्धा सांगून टाकलं!"

"आता जागा बदलावी लागणार," चालककाका पुटपुटले, आणि मावशींना हसू आवरता आवरेना.