हातावरचा थेंब

१९९७ सालच्या मार्चमध्ये, दुपारच्या जेवणाच्या वेळी, मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या थाई किचनमध्ये मुख्य आचारी कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत त्याचा श्वास थांबला होता. वय छत्तीस. गाव गडब, तालुका पेण. त्यांचं आणि आमचं कुंपण एकच.

त्याची एक सवय तुम्ही पाहिली असती तर विसरला नसता. डाव्या हाताच्या अंगठ्यामागे रश्श्याचा थेंब घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे. मग "व्हय" किंवा "नाय". त्याशिवाय कटोरा किचनबाहेर जात नसे. गावी आला की आमच्या आमटीचीही हीच परीक्षा.

"आमसूल घाल गो वयनी अजून."

"तुझ्या हॉटेलात घाल," माझी बायको म्हणायची. आमसूल मात्र घालायची.

वडील मिठागरावर होते. आई खाडीतला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवायची. तो हॉटेलात भांडी घासायला लागला आणि थाई किचन सुरू झालं तेव्हा बँकॉकहून आलेल्या उस्तादाच्या हाताखाली गवती चहा कुटू लागला. एकदा तिकडचा आंबवलेल्या कोळंबीचा मसाला आलाच नाही. याने घरची बरणी नेली. आईने मिठात कुटून मुरवलेला जवळा होता तो. उस्तादाने बोट बुडवून चाखलं आणि बरणी स्वतःच्या फळीवर ठेवली. तेव्हापासून दर खेपेला गावाहून एक बरणी जाऊ लागली. उस्ताद मायदेशी परतला तेव्हा किचन याच्याकडे आलं. पुढे शहरातल्या आणखी दोन हॉटेलांची थाई किचनं त्यानेच उभी केली.

शहाण्णवच्या दिवाळीत त्याचा ओठ सुजलेला मी पाहिला.

"मिरची लागली," तो म्हणाला.

संक्रांतीला घसा आवळला. बोलताना छातीतून शिट्टी ऐकू येत होती. मी त्याला रोह्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं: कोळंबी बंद, जवळा बंद, थेंबसुद्धा नको. पुढच्या वेळी गोळी घ्यायला सवड मिळेलच असं नाही.

परतीच्या गाडीत निडी स्टेशन मागे पडल्यावर तो म्हणाला,

"जवळ्यावर वाढलोय मी. तोच मारनार मला?"

"चाखायचं काम दुसऱ्याला दे."

"देतो की. मग टोपी पन त्यालाच देतो."

त्याची आई अंगणात जवळा उलथत होती. "माज्या हातचं बाधंल व्हय त्याला?" तिने मला विचारलं. डॉक्टर म्हणाले ते मी सांगितलं. मुंबईला जाताना त्याने नेहमीसारखी जवळ्याची बरणी नेली.

पुढचं मला त्याच्या हाताखालच्या आचाऱ्याने सांगितलं. सात आठवडे याने एकदाही चाखलं नाही. दुरून वास घ्यायचा आणि चाखणाऱ्या या आचाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. "व्हय का नाय, येवढंच बोल."

त्या दुपारी त्याच बरणीतला जवळा घातलेल्या हिरव्या करीचा कटोरा टेबलावरून परत आला. नेहमीची चव नाही, असा निरोप होता. आचाऱ्याने पुन्हा चाखलं. त्याला काही कळेना. मॅनेजर दारात येऊन थांबला.

तेव्हा याने डावा हात पुढे केला. थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

आचाऱ्याने मीठ घातलं. कटोरा टेबलावर गेला. मागवणाऱ्याने तो संपवला.