वर्ष सरायच्या आधी लावलेला जांभळा रंग

गावाकडच्या, रोहण्याच्या घराला आईनं कुलूप घातलं, ओढून पाहिलं, शेजारच्या काकूंना किल्ली दिली आणि परत जाऊन कुलूप ओढून पाहिलं. एसटीची वेळ झालेली, माझा जीव नुसता खालीवर. "चाल ना आई, घर काही पळून नाई जात," मी म्हणालो. वर्ध्यापर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. तिनं आता पुण्याला, माझ्याजवळ कायमचं राहावं, एवढंच मला हवं होतं.

तिच्यासाठी मी फ्लॅटमधली मागची खोली रंगवून घेतली होती. शेडकार्डावर डीप बेरी का काहीतरी नाव. आपल्या भाषेत पिकून काळंभोर झालेलं जांभूळ. बायको म्हणाली, अंधारं होईल. म्हटलं, होऊ दे. रोहण्यात दर दिवाळीला चुन्यात नीळ कालवून भिंती पांढऱ्या करायच्या. पाठ टेकली की शर्ट गेलाच. पुण्यात आलो तर भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकायची चोरी. स्वतःच्या भिंती मिळाल्यावर हौस भागवून घेतली, यात काय बिघडलं?

आई खोलीच्या दारातच थांबली. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"वर्ष नाई झालं अजून, अन् तुनं भिंती रंगवल्या?"

घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्याकडे भिंतीला ब्रश लागत नाही. मला माहीत होतं की! दिवाळीला आकाशकंदीलसुद्धा लावला नव्हता. पण बाबा गेले रोहण्याच्या घरात. पुण्याच्या फ्लॅटचा त्यात काय संबंध, असं मी खरंच धरून चाललो होतो. तसं बोललोही.

"काऊन, बापू? हे घर नाई का तुह्यं? बापाले अग्नी तं तुनंच देल्ला ना?"

कपाळ! फ्लॅट घेऊन इतकी वर्षं झाली, त्याला माझं घर म्हणणारी ती पहिली. तेही रागावून.

आई हॉलमध्येच झोपायची. बॅगेतून रोज एक साडी काढायची आणि चेन लावून टाकायची. "पांढरं करून टाकू का?" म्हटलं, तर "पुन्हा ब्रश लावतं का?" मी घरभर येरझाऱ्या घालायचो. ऑफिसात लक्ष लागेना.

वर्षश्राद्धाला आम्ही रोहण्याला गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी आईनं गावातला रंगारी बोलावला. बाबांची खोली दाखवून म्हणाली, "बापूनं पुण्याले लावला, तसाच जांभया रंग पायजे. गर्द." म्हणजे रंग तिला आवडलाच होता! हसावं की रडावं कळेना. परतीच्या एसटीत मी आईशिवायच चढलो.

मागची खोली आता रिकामी आहे. गावात राहिलेल्यांना वाटतं, आम्ही सुटलो. आमच्यासारख्या बाहेर पडलेल्यांना विचारा, पाय कुठं ठरतो का ते. मला आईचा राग येतो, खूप येतो, आणि बाबांची खोली कशी दिसत असेल म्हणून चैनही पडत नाही.

काल तिचा फोन आला. "रंग सुकला. पलंग लावला भिंतीले. येजो आता."

मी "येतो" म्हणालो. "तूच ये" म्हणायचं या वेळी सुचलंच नाही.