अपूर्णांकांचा पाठ आणि माझी पत्रकं

आधी स्पष्ट सांगते. शिक्षक होण्याचा सरळ रस्ता सगळ्यांना परवडत नाही, आणि ज्यांना तो परवडला नाही त्यांच्याच जिवावर कोलकात्यातल्या कितीतरी खासगी शाळा चालतात. माझी आत्या त्यांतलीच. आजोबा अचानक गेले तेव्हा तिने कॉलेज संपल्या संपल्या नोकरी धरली, ट्रेनिंग राहून गेलं. डमडमच्या एका लहानशा शाळेत ती माझ्या जन्माच्या आधीपासून गणित शिकवते. तिने शिकवलेल्या मुली आता आपापल्या पोरांना घेऊन त्याच शाळेत येतात. आणि त्या शाळेने एक दिवस नोटीस लावली, की शिक्षकी पदविका नसलेल्या ‘अप्रशिक्षित’ शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवता येणार नाही. अप्रशिक्षित म्हणे.

मी तेव्हा खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. अजूनही लिहिते. घरात मराठी, पत्रकात बंगाली, भांडायला समोरच्याला कळेल ती. नोटीस लागली त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. मथळा ठळक अक्षरांत: ‘आम्हाला शिकवणारे तुम्ही कोण?’ पिवळा कागद, छपाई एकाच बाजूला, कारण दोन्ही बाजू छापण्याची संघटनेची ऐपत नव्हती.

आत्याने ते नीट वाचलं, चांगलं लिहिलंयस म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सॉल्ट लेकला जाऊन नोकरी सांभाळून करायच्या पदविकेला नाव घालून आली.

मी भडकले. तू शरण गेलीस, असं तोंडावर म्हटलं.

“ऑटोने गेले गं,” ती म्हणाली. “फार ऊन होतं.”

मग तिचे रविवार तिथल्या अभ्यासकेंद्रात गेले. फी स्वतःच्या खिशातून, अभ्यास स्वयंपाक उरकल्यावर, आणि उद्या पदविका मिळाली की ‘आमचे सर्व शिक्षक प्रशिक्षित’ अशी पाटी शाळा लावणार. हा अन्याय नाही तर काय आहे? पण जिच्यावर तो होत होता ती बाई खुशीत. रविवारी संध्याकाळी घरी आली की डोळे चमकवत सांगायची, मी वर्गात जे करते ना, त्याला नाव आहे म्हणे. मी केंद्राच्या फाटकावर उभी राहून पत्रकं वाटली. सगळ्या बायकांनी ती आदराने घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यावर लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, ठेवून खाल्ल्या.

सगळं अडलं होतं शेवटच्या पाठावर. तो स्वतःच्या शाळेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर घ्यायचा. तो फसला तर पदविका लांबणार, आणि पदविका लांबली तर नोकरी जाणार. आत्याने विषय निवडला अपूर्णांक. आता या अभ्यासक्रमांची एक रीत आहे: पाठासाठीचं साधन ‘टाकाऊतून टिकाऊ’ असलं पाहिजे. बाजारातला तक्ता आणलात तर गुण कापतात. आमच्या घरात सगळ्यात टाकाऊ काय होतं, तर दिवाणाखालचे माझ्या उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे. मी तेव्हा एस्प्लनेडच्या चौकात धरण्याला बसले होते. मला कोण विचारतंय? आत्याने पत्रकं आडवी कापली, काहींचे तीन भाग, काहींचे चार, आणि कोऱ्या बाजूला स्केचपेनने एक तृतीयांश, एक चतुर्थांश लिहून मोकळी झाली.

पाठाच्या दिवशी सामानाची पिशवी मी नेली आणि व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. परीक्षक बाई शेवटच्या बाकावर बसल्या. खळीची सुती साडी, मांडीवर आत्याने लिहून दिलेलं पाठाचं टाचण. शिक्षिका काय म्हणेल, मुलं काय म्हणतील, सगळं त्यात आधीच लिहिलेलं असतं.

आत्याने पट्ट्या वाटल्या, एका गटाला चतुर्थांश, शेजारच्या गटाला तृतीयांश, आणि विचारलं, मोठा कोण, एक तृतीयांश की एक चतुर्थांश? अख्खा वर्ग म्हणाला, चतुर्थांश. चार मोठे ना तिनापेक्षा. टाचणाप्रमाणे आता आत्याने फळ्यावर पट्ट्या चिकटवायच्या होत्या. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने आपल्या पट्ट्या उलट्या केल्या, जुळवल्या आणि कविता म्हणायच्या आवाजात वाचलं, “आम्हाला शिकवणारे तुम्ही कोण?”

सगळा वर्ग वळून परीक्षक बाईंकडे बघू लागला. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

ती मुलगी मात्र वेगळ्याच अडचणीत होती. तिच्या चार तुकड्यांतला खालचा हरवला होता आणि पत्रकात पुढे काय आहे ते तिला वाचायचंच होतं. तिने शेजारच्या गटाकडून खालचा तुकडा ओढून घेतला. तो होता तृतीयांश. बसेना. वरची एक ओळ दोनदा यायला लागली.

“मिस, हा मोठा आहे.”

आत्याने खडू खाली ठेवला. “का बरं मोठा?”

मग जो कल्ला झाला तो कुठल्याच टाचणात मावला नसता. एक मुलगा हट्टाने सांगत होता, तीन लहान, म्हणून तुकडाही लहान. त्या मुलीने दोन्ही तुकडे त्याच्या नाकासमोर धरले आणि म्हणाली, अरे, हा कागद तिघांतच वाटलाय, वाटेकरी कमी, म्हणून वाटा मोठा. तोवर सगळ्या बाकांवर पट्ट्या उलटल्या होत्या. शाळेच्याच इमारतीत माझ्या मागण्या खणखणीत आवाजात वाचल्या जात होत्या, आणि प्रत्येक गट तृतीयांश-चतुर्थांश एकमेकांवर ठेवून बघत होता.

घंटा झाल्यावर परीक्षक बाई पुढे आल्या.

“हे टाचणात नव्हतं.”

“नव्हतं,” आत्या म्हणाली.

“पत्रक कुणाचं?”

“भाचीचं. ती काय, खिडकीत.”

बाईंनी मला नीट पाहून घेतलं. “दुसरा परिच्छेद लांबलाय,” म्हणाल्या. मग आत्याकडे वळल्या. “पाठ चांगला झाला. पण फळ्यावर लिहिताना तुम्ही पाठमोऱ्या बोलता. शेवटच्या बाकावर एक अक्षर ऐकू येत नाही.”

मी भांडायच्या तयारीत होते. वीस-पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे ऐकवायचं? आत्या मात्र घरी पोचेपर्यंत हसत होती. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात कुणी येऊन बसलंच नाही गं, म्हणाली, मला कळणार कसं?

ती पास झाली. नोकरी राहिली, पगार एक रुपयानेही वाढला नाही, आणि पाटी लागली. माझा राग तसाच आहे आणि मी तो सोडणार नाही. पण संघटनेच्या पुढच्या सभेला आत्या आली आणि उभी राहून म्हणाली, आणखी एक मागणी घाला: प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात जाणत्या माणसाने येऊन बसावं, आणि खर्च शाळेने करावा. आमचे सेक्रेटरी म्हणाले, हा तर मालकांचा मुद्दा झाला. बराच वेळ वाद झाला. मी भाषण ठोकलं, तिच्या बाजूने, आणि मागणी पत्रकात गेली, अगदी तळाला.

परतताना मेट्रोत मी वाट बघत होते, आत्या काहीतरी बरं बोलेल म्हणून.

“चांगलं बोललीस,” ती म्हणाली. “पण सगळा वेळ सेक्रेटरींकडे बघून. मागे बसलेल्या बायका केव्हाच गप्पांना लागल्या होत्या.”