मुसळीची जागा

परवा चंद्रपूरच्या एका दुकानात लागवडीच्या सफेद मुसळीच्या औषधी मुळ्यांचं पोतं उघडलं, आणि त्या मातकट वासासरशी मी माहेरच्या नाल्यावर जाऊन पोचले. धानोऱ्याकडचं आमचं गाव. धान निसवलं होतं आणि जंगलात मुसळीची पानं पिवळी पडत होती. आई नव्या वहिनीला मुसळीची जागा दाखवायला निघाली, तशी मीही त्यांच्या मागं लागले. नाल्याशी आई वळून म्हणाली, "तू इथीच बस." "मले काऊन नाई नेत?" "तू लगन होऊन जाशीन. सासरच्याईले जागा सांगशीन, अन् ते सारी खणून नेतीन." मी दगडावर बसून राहिले. झाडीतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. परतताना आई वहिनीला बजावत होती, "मुळ्या तोडल्या का कोंब परत मातीत पुराचा, मंग पुढच्या साली येते." वहिनीच्या नखांत तिथली काळी माती होती. माझे हात कोरडे. दिवाळीपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. पुढं काही वर्षांनी आई गेली. गेल्या वर्षी वहिनीच म्हणाली, "चाला बाई, तुमाले जागा दाखवतो." जाऊन पाहतो तर कोणीतरी कोंबांसकट सगळी मुसळी खणून नेलेली, मागं नुसते खड्डे. वहिनी तिथंच बसली आणि आईचं नाव घेऊन हमसून हमसून रडली. मी उभीच होते. तिथं माझं हरवण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या त्या रडण्याचाही मला हेवा वाटला.