उस्तादांच्या हिरड्या

फर्निचरला पॉलिश करावं तर उस्तादांनीच, यावर गल्लीत दुमत नव्हतं. व्हिनिअर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ थर. जरा जास्त घासला की खालचा प्लाय उघडा पडतो, आणि मग ब्रह्मदेव आला तरी तो झाकत नाही, हे ते हाताखालच्या प्रत्येक कारागिराला ओरडून सांगत.

हे सगळं ज्ञान बेसिनपाशी आलं की उस्ताद खुंटीला टांगत. वडिलांचं तोंड पन्नाशीच्या आतच बोळकं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. आपलं तसं होऊ द्यायचं नाही, असा त्यांचा पण होता. म्हणून दुकानातला सगळ्यात कडक ब्रश, आणि पंधरा मिनिटं आडवा हात, खसाखसा. रक्त आलं की स्वारी खूश.

"मळ सुटतोय," ते बायकोला सांगत.

चाळिशीत डावीकडच्या सुळ्याला गार पाणी झोंबू लागलं. उस्तादांनी पाणी कोमट केलं, हात मात्र तोच ठेवला. पुढे दात लांब दिसायला लागले.

"अहो, तुमचे दात वाढतायत की काय?"

"मजबूत झालेत!"

दात होते तेवढेच होते. हिरडी मागे सरकून मुळाचा पिवळा भाग उघडा पडला होता आणि तिथे नख अडकेल एवढी खाच झाली होती. खाच दुखते म्हणून उस्ताद नेमकी तीच जागा सोडू लागले. तिथे कीटण बसलं, हिरडी सुजली, आतलं हाड झिजत गेलं. दुखायचं थांबलं, तेव्हा आपण जिंकलो असं त्यांना वाटलं.

पन्नाशीला सुळा जिभेने हलू लागला आणि उस्तादांचं धाबं दणाणलं.

दातांची डॉक्टर मुलीच्या वयाची होती. "काका, हा काढावाच लागेल. गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. पण बाकीचे दात वाचतील. मऊ ब्रश आणि हलका हात, एवढंच."

"वरून काही चढवता नाही येत?"

"काही ठिकाणी तोंडातल्या टाळूची कातडी हिरडीवर लावता येते. पण तुम्ही तीही घासून काढाल. काम काय करता तुम्ही?"

"वॉचमन आहे," उस्ताद म्हणाले. आपल्या धंद्याची लाज त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटली.

सुळा गेला. मऊ ब्रश आला. पण उजवा हात ऐकेना; दोन फेऱ्या झाल्या की खांद्यापासून जोर यायचा, आणि बेसिन पुन्हा लाल. चौथ्या दिवशी उस्तादांनी ब्रश डाव्या हातात घेतला. त्या हाताला काहीच येत नव्हतं. पेस्ट हनुवटीवरून शर्टावर ओघळली.

"अहो, हे काय लहान मुलासारखं?" बायको हसली.

"उजव्याचा भरवसा नाही राहिला," उस्ताद म्हणाले, आणि पुन्हा बेसिनवर वाकले.