सगळे गोल आमच्या परसात

त्या वर्षी आमच्या टीमने पहिल्या तीन मॅचमध्ये एकही गोल केला नाही. गोलाकडे चेंडू मारलाच नाही, असं म्हणता येणार नाही. भरपूर मारला. तो दोन बांबूंना बांधलेल्या आडव्या दोरीवरून जाई, मग जिनच्या भिंतीवरून जाई आणि आमच्या परसात पडे. कधी मेथीच्या वाफ्यात, कधी चामडं भिजत घातलेल्या टाक्यात. मी उचलून परत फेकी. तीन मॅचमध्ये मी जितक्या वेळा चेंडू हातात धरला, तितक्या वेळा आमच्या गोलकीपरनेही धरला नसेल. त्याच्या हाती लागले ते थोडे, बाकीचे गोलात गेले.

ही गोष्ट नंदुरबारची, दुसरी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. आमचं दुकान आणि घर एकच होतं. नवरा टांग्याचा आणि बैलांचा चामडी सरंजाम शिवी. मागच्या भिंतीपलीकडे कापसाचं जिन होतं, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करण्याचा कारखाना. तिथल्या यंत्रांवर फिरणारे लांब चामडी पट्टे दुरुस्तीला आमच्याकडेच येत. दिवाळीनंतर जिन सुरू होई, उन्हाळ्यात थांबे आणि पावसाळाभर बंद राही. कापसाच्या गाड्या रुतू नयेत म्हणून आवारात मुरूम टाकलेला होता. गावभर काळ्या मातीचा चिखल असताना पाय ठेवावा अशी मोकळी जागा तेवढी एकच. म्हणून फुटबॉल पावसाळ्यात, तोही आमच्या भिंतीपलीकडे, आणि बाहेरगावच्या टीमा खेळायला आमच्याकडे येत.

माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच राही. जिनमध्ये कामाला होता आणि टीममध्ये सगळ्यांत पुढे खेळे. या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. जिन बंद झालं की बाकी मजुरांना घरी पाठवत, पण टीममध्ये खेळणाऱ्यांना मॅनेजर चारही महिने काही ना काही काम देऊन ठेवून घेई. टीममधून गेला तो जिनमधूनही गेला. मग सुरतेच्या गिरण्या होत्याच. सुरतेला गेलेली माणसं आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, घरी येत, नवा सदरा दाखवत आणि खोकत. भावाने तिकडे जाऊ नये असं मला वाटे. शिवाय ओला पट्टा ताणायला दोन माणसं लागतात, आणि नवरा एकच होता.

चेंडू पूर्वी जिनच्या गोदामात असे. आदल्या वर्षी तो उंदरांनी खाल्ला. सरकी खाऊन कंटाळले असतील. नवा चेंडू सुरतेहून आला, तेव्हा मॅनेजरने तो आमच्याकडे पाठवला. चामड्याची वस्तू चामडं कळणाऱ्यांच्या घरी राहावी, असा त्याचा निरोप होता. निरोप बरोबर होता. मी चेंडू दुकानातल्या खुंटीवर टांगला. आखाजीपासून रोज संध्याकाळी पोरं तो सरावाला नेत आणि दिवे लागायला परत आणून देत. मी पुसून ठेवी. शुक्रवार हा आमचा तेलाचा वार. घरातल्या सगळ्या चामड्याला त्या दिवशी एरंडेल चोळायचं, चुलीच्या उबेला धरायचं, पुन्हा चोळायचं. पट्टे झाले की चेंडू. नव्या वस्तूची हेळसांड झाली असं कोणी म्हणू नये, म्हणून चेंडूला जरा जास्तच.

मॅचला मात्र आमचा चेंडू नसे. आमच्याकडे रिवाजच होता की मॅच पाहुण्यांच्या चेंडूने खेळायची. पंगतीत आधी पाहुण्याला वाढायचं, तसंच हे. यजमानांनी चेंडूत काही खोडी केली, असं बोलायला जागा नको.

पहिली मॅच नवापूरच्या टीमशी झाली. मी भिंतीशी उखळ उलटं घालून त्यावर उभी होते. शेजारच्या उखळावर आमची शेजारीण होती. तिचं घर पिंजाऱ्यांचं आणि तिचा मुलगा आमचा गोलकीपर. आम्ही एक गोल खाल्ला. भावाने तीनदा मारला आणि तीनही वेळा मी उखळावरून उतरले.

दुसऱ्या रविवारी रेल्वेवाले आले. दोन गोल खाल्ले. माझ्या परसात चार चेंडू आले.

भिंतीजवळ उभे असलेले लोक ओरडत होते, "भीत पाडी टाका रे, मंग व्हई गोल!"

शेजारीण तोंडावर पदर धरून म्हणाली, "मन्हा पोऱ्यानी दोन गोल खादात, हाई खरं. पन तुन्हा भाऊनी चार बॉल तुन्हा घर धाडी दिन्हात. बहीनवर भलती माया शे वं त्यानी."

मी तिला उत्तर दिलं नाही. भावाला दिलं. तो जेवायला बसला तेव्हा त्याला सांगितलं, की गोल खाली असतो, आभाळात नसतो. तो म्हणाला, "खालेच मारस मी, आक्का. रोजना सरावमा बरोबर जास."

"मंग ऐतवारले त्याले वर कोन लई जास? पाखरू शे का तो?"

मग मी त्याच्या पायांबद्दल, जोराबद्दल आणि अकलेबद्दल बोलले. टीममधल्या इतरांबद्दलही बोलले, पण ते समोर नव्हते. तो आठवडाभर सगळ्यांच्या आधी सरावाला गेला. सराव मी रोज पाहत होते. चेंडू दोरीखालून नीट गोलात जात होता. यावर माझं मत एवढंच झालं की माणसं बघायला आली की हा घाबरतो. तेही मी त्याला सांगितलं.

त्याच आठवड्यात मॅनेजरने भावाला बोलावून घेतलं. तिसरी मॅच अशीच गेली तर तुझ्या जागी दुसरा, असं सरळ सांगितलं. दुसरा तयारच होता.

तिसरी मॅच शहाद्याकडच्या टीमशी होती. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि पहिला चेंडू माझ्या वाफ्यात पडला. मी उतरले, उचलला आणि रागाने जोरात फेकला. तो भिंतीवरून, खेळणाऱ्यांच्याही डोक्यावरून, पार पलीकडच्या कुंपणाशी गेला. लोक हसले. मी मात्र हातांकडे पाहत राहिले. रोज संध्याकाळी मी जो चेंडू खुंटीवर टांगते, तो एवढ्या जोरात फेकला असता तर भिंतही ओलांडली नसती.

मला वाटलं, पाहुणे लबाडी करतात. पोकळ चेंडू घेऊन आलेत.

दुसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा मी तो फेकला नाही. दुकानात नेला. मेण आणि राळ मोजायचा तराजू होता. दोन्ही पारड्यांत एकेक चुंबळ ठेवली, एकीवर पाहुण्यांचा चेंडू, दुसरीवर आमचा. आमचं पारडं खटकन खाली बसलं. पाहुण्यांच्या बाजूला नवटाकाचं, म्हणजे अर्ध्या पावशेराचं, माप टाकलं तेव्हा कुठे काटा मध्ये आला. शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की आमचा चेंडू मोठाही झाला होता. शिवणी ताणल्या होत्या आणि एका अंगाने तो पपईसारखा लांबट झाला होता. बोटाने दाबला तर बोटाला तेल लागलं.

भिंतीपलीकडून ओरडा चालू होता. "बॉल फेका वं माय! खाई गयात का?"

पाहुणे लबाड असते तर नवापूरवालेही लबाड होते आणि रेल्वेवालेही. तीन टीमांचे तीन चेंडू माझ्या हातातून गेले होते आणि तिन्ही सारखेच हलके होते. वेगळा होता तो आमचाच. पोरं दोन महिने त्या जड गोळ्याखाली पाय घालून तो जीव खाऊन उचलायला शिकली होती, आणि रविवारी हलका चेंडू मिळाला की तो माझ्या घरी येत होता. आठ-नऊ शुक्रवार तेल मीच लावलं होतं.

मी चेंडू परत फेकला. मॅच एक गोलाने हरलो.

नवरा घरी आला तेव्हा त्याला तराजू दाखवला. तो बराच वेळ शिवणी पाहत बसला. मग म्हणाला, "गप ऱ्हाय. जिनना पट्टा आपलाकडे शेतस. उद्या म्हनतीन, ज्यासले बॉल सांभाळता येत नही, त्या पट्टा काय सांभाळतीन?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण उद्याचं उद्या होतं, आणि भावाला मॅनेजरने सकाळीच हिशेब घ्यायला बोलावलं होतं. सकाळी भावाच्या आधी मीच गेले. एका हातात चेंडू, दुसऱ्या हातात तराजू.

मॅनेजर गुजराती होता, पण मराठी बरं बोले. "बेन, हे काय?"

मी टेबलावर तराजू धरला आणि एका पारड्यात चेंडू ठेवला. ऑफिसातला पेपरवेट, दोन किल्ल्यांचे जुडगे, काय हाताला लागेल ते दुसऱ्या पारड्यात ठेवून काटा मध्ये आणला, मग त्यातून नवटाकाएवढं काढलं की पाहुण्यांच्या चेंडूचं वजन उरतं, हे दाखवलं. काय झालं ते सांगितलं.

"तेल कोणी लावलं?"

"मी."

"कोणी सांगितलेलं?"

"कोणी नाही. चामड्याला तेल लावायचं हे कोणी सांगावं लागत नाही."

"किती लावलं?"

"पट्ट्याला लावते तेवढं. थोडं जास्त."

तो उठला आणि यंत्रघरात गेला. पट्टे अंगठ्याने दाबून, वाकवून पाहत होता, ते मला दारातून दिसत होतं. मी उभी राहिले. घरी पीठ मळून ठेवलं होतं.

परत येऊन तो म्हणाला, "पट्टे तर चांगले आहेत."

"पट्ट्यांना कोणी लाथ मारत नाही," मी म्हटलं.

तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता. जरा विचार करून तो म्हणाला, की स्टेशनवरच्या लोकांकडून एक जुना चेंडू मागून घेतो, आठवडाभर त्याच्यावर सराव करा. "पण बेन, एकच मॅच. रविवारी त्याने मारलेला बॉल पुन्हा तुमच्या परसात गेला, तर सोमवारी सुरतची गाडी."

घरी येऊन भावाला सांगितलं. वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "तीन ऐतवार तू माले शिव्या दिध्यात, आक्का. मन्हा पायले, मन्हा अकलले."

"दिध्यात," मी म्हटलं. "आते जेव."

तो जेवला. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. सरावात मात्र चेंडू सुरुवातीला दोनदा परसात आला, मग भिंतीला लागू लागला, मग दोरीला. शनिवारी तो दोरीखालून गेला, पण इतका हळू की मधे कोंबडी आली असती तर तिनेही अडवला असता.

रविवारी दोंडाईचावाले आले. मॅनेजर छत्री घेऊन खुर्चीवर बसला होता, आणि खेळाकडे कमी, आमच्या भिंतीकडे जास्त पाहत होता. मी उखळावर होते. शेजारीण होती. पाहुण्यांनी लवकरच एक गोल केला.

भाऊ चेंडू मारीना. पायाशी आला की दुसऱ्याकडे ढकले. एकदा समोर कोणी नव्हतं तेव्हा त्याने मारला आणि तो गोलकीपरच्या पायाशी जाऊन थांबला.

"तुन्हा पाय शे का पोतेरं?" लोक ओरडले. "जोरमा मार ना!"

शेजारीण म्हणाली, "आते तं भलताच सभ्य व्हई गया वं."

शेवटाकडे त्याला पुन्हा जागा मिळाली. या वेळी त्याने मारला. चेंडू वर चढू लागला, दोरीला लागला, दोरी थरथरली आणि तो तिथेच खाली पडला. पाच-सहा जण त्यावर धावले. कोणाच्या गुडघ्याला लागून तो आत गेला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बरोबरी झाली.

त्यानंतर लगेच भावाने आणखी एक मारला, चांगला, छातीएवढ्या उंचीचा. पाहुण्यांच्या गोलकीपरने तो दोन्ही मुठींनी ठोसला. तो उंच उडाला, फिरला, भिंतीवरून आला आणि आमच्या टाक्यात पडला.

मॅनेजर खुर्चीतून उठला. मुठी त्याला दिसल्या होत्या की नाही, कोण जाणे. मधे माणसं होती आणि छत्रीही होती. लोक हसत होते. भाऊ कमरेवर हात ठेवून भिंतीकडे पाहत उभा होता.

जिनच्या आवारात पुरुषमंडळींसमोर मी कधी आवाज काढला नव्हता. त्या दिवशी काढला. उखळावरून म्हणाले, "हाऊ बॉल त्यानी मारेल नही शे! त्या गोलकीपरनी धाडेल शे! त्याना हात दखा, चिखलमा भरेल शेत!"

लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या. नवरा दुसरीकडे पाहू लागला. मॅनेजरने पाहुण्यांच्या गोलकीपरला जवळ बोलावलं. त्याने चिखलाच्या मुठी पुढे केल्या आणि हो म्हणाला. बिचारा, आपण काही चूक केली की काय, अशा चेहऱ्याने उभा होता. मॅनेजर पुन्हा बसला. मी टाक्यातून चेंडू काढला, पदराला पुसला आणि फेकला. मॅच बरोबरीत सुटली. त्या हंगामात आम्ही न हरलेली ती पहिली मॅच.

सोमवारी सकाळी जिनच्या छपरावरचे पत्रे डांबराने रंगवायचं काम निघालं. भाऊ शिडीवरून वर चढला. आमच्या परसातून तो दिसत होता, हातात कुंचा आणि डोक्याला फडकं. त्याने खाली पाहिलं, मी दिसले असेन, पण हात काही केला नाही. दुपारी मी त्याचं जेवण भिंतीवरून दिलं. भाकरी घेताना तो म्हणाला, मीठ कमी शे. आठ दिवसांत तो माझ्याशी बोललेला पहिला शब्द तो. मी मीठ आणून दिलं.